चेंडू, चाकरी आणि आम्ही

शाळेच्या वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा आम्हांस पत्र पाठवून ‘मुलांना उपयोगी पडेल असें कांहीं लिहा’ अशी आज्ञा केली. आज्ञा शिरसावंद्य खरी. परंतु ती वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून राहिलों. जुने विद्यार्थी वार्षिकांत लिहितात तेव्हां ते बहुधा आपल्या यशाविषयीं लिहितात. कोणी डॉक्टर झालेला असतो, कोणी परदेशीं गेलेला असतो. आमच्याजवळ तसलें कांहीं नाहीं. आमच्या आयुष्यांत सांगण्याजोगी गोष्ट एकच घडली, व ती अपयशापासून सुरू होते. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं आमची नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि त्या रिकाम्या दिवसांत आम्ही एका महाविद्यालयाच्या मैदानावर रोज बास्केटबॉल पाहत बसलों. त्या मैदानावर आम्हांस जें सांपडलें तेंच येथें सांगतों.

आमचा बुलढाणा जिल्हा कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले व जलंब-खामगांव या आगगाडीच्या फांट्याचें उद्घाटन झालें, तें या कापसापायींच. तेव्हांपासून जिल्ह्यांतील कित्येक घरांची चूल रुई आणि सरकी यांच्या जोरावर पेटत आली आहे. आमचें घर त्यांपैकींच एक. एका जिनिंगमध्यें आम्हीं बावीस वर्षें हिशेब लिहिला. कापसाची गाडी काट्यावर चढे, वजन होई, आम्ही पावती फाडीत असूं, आणि रात्रीं रोजकीर्द जुळल्यावांचून घरीं जात नसूं. पण मागील वीस-पंचवीस वर्षांत आमच्याकडील शेतें बदललीं. जेथें कपाशी उभी असे तेथें सोयाबीन आलें. कारखान्याच्या फाटकाशीं लागणारी गाड्यांची रांग दरवर्षीं आंखूड होत गेली. २०१८ सालीं लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली, आणि पुढच्याच आठवड्यांत मालकांनीं आम्हांस बोलावून ‘यंदां कारखाना चालणार नाहीं’ असें सांगितलें. सांगतांना त्यांचाहि आवाज कांपत होता. दोष कोणाला द्यावयाचा?

आमच्या हातून चूक घडली ती यानंतर. नोकरी गेल्याचें आम्हीं घरीं सांगितलें नाहीं. वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली, थोरले बंधु शेतीच्या कर्जानें वांकलेले, मुलगा दहावींत. अशा घरांत ही बातमी कशी सोडावी, असें आम्ही मनाशीं म्हणत होतों. खरें कारण निराळें होतें. आम्हांस लाज वाटत होती. म्हणून रोज सकाळीं पत्नीनें भरून दिलेला डबा घेऊन आम्ही नेहमींच्या एस. टी. नें तालुक्याच्या गांवीं जात असूं, वाचनालयांत वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहत असूं, दुपारीं तेथल्याच ओट्यावर डबा खात असूं, आणि संध्याकाळची गाडी येईपर्यंतचा वेळ काढण्यासाठीं महाविद्यालयाच्या मैदानावर जाऊन बसत असूं. जाहिरातींत आम्हांस शोभेलशी जागा दिसली कीं खालीं वयाची अट दिसे. वयाची अट नसली तर संगणकाचें प्रमाणपत्र आडवें येई. असे सहा आठवडे गेले.

त्या मैदानावर मुलींचा बास्केटबॉलचा संघ सराव करी, व आमची पुतणी त्या संघांत होती. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची तयारी चालली होती. पहिल्या दिवशीं आम्हांस पाहून ती धांवत आली व म्हणाली, “काका, आज लवकर सुटलात?” आम्हीं नुसती मान हलविली. खोटें बोलण्यास तोंड उघडावेंच लागतें असें नाहीं.

आम्ही लहानपणीं हुतूतू आणि खोखो खेळलेले. हा खेळ आम्हांस परका. परंतु चार-आठ दिवस पाहिल्यावर तो आमच्या हिशेबी मनाला फार आवडला, कारण त्यांत प्रत्येक गोष्टीचा हिशेब आहे. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. दोन्ही टोकांस जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट उंचीवर लोखंडी कडें. एका बाजूला पांच खेळाडू. चेंडू हातांत घेऊन पळावयाचें नाहीं. न्यावयाचा तर तो जमिनीवर आपटीत न्यावयाचा. चेंडू हातीं आल्यावर आठ सेकंदांत आपला अर्धा भाग ओलांडावयाचा आणि चोवीस सेकंदांत कड्याकडे फेकावयाचा. दांडगाई करणाराचे फाउल लिहून ठेवतात, आणि पांचवा फाउल झाला कीं त्याला उरलेला सामना बाहेर बसून पाहावा लागतो.

वाचनालयांत रोजचें बसणें असल्यामुळें या खेळाचा जनक कोण, हेंहि आम्हीं शोधून काढलें. त्या गृहस्थांचें चरित्र वाचून आम्हांस जो धीर आला तो एकाहि जाहिरातीनें दिला नव्हता. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ सालीं कॅनडांत झाला. नऊ वर्षांचे असतांना आईबाप दोघेहि वारले; मामानें सांभाळिलें. मध्येंच शाळा सोडून कांहीं वर्षें त्यांनीं अरण्यांत लांकडें तोडलीं. पुन्हां शाळेंत आले, माँट्रिऑल येथें विद्यापीठाची पदवी घेतली, आणि धर्मोपदेशक होण्यासाठीं १८९० सालीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. एवढें करून ते वळले शारीरिक शिक्षणाकडे! तरुणांस सन्मार्गाला लावण्याचें काम उपासनामंदिराइतकेंच व्यायामशाळेंतहि करतां येतें, अशी त्यांची श्रद्धा होती.

अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत ते शिक्षक झाले. बाहेर कडाक्याचा हिवाळा, आंत कवायतीला कंटाळलेला अठरा जणांचा वर्ग. दोन शिक्षक त्या वर्गापुढें आधींच हरले होते. घरांत खेळतां येईल असा नवा खेळ काढण्यासाठीं वरिष्ठांनीं नेस्मिथांना चौदा दिवसांची मुदत दिली. १८९१ च्या डिसेंबरांत, मुदत संपतां संपतां, त्यांनीं तेथल्या रखवालदाराकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, पीच नांवाच्या फळाच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजहि कडें दहा फुटांवरच असतें. तेरा नियम लिहून काढले व खेळ सुरू झाला. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत पडला तो फक्त एकदा.

येथेंच हे गृहस्थ थांबले नाहींत. सदतिशीच्या सुमारास, १८९८ सालीं, त्यांनीं वैद्यकीची पदवी मिळविली व त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत नवी जागा पत्करली. तेथील महाविद्यालयीन संघ त्यांनींच उभारला. मौज अशी, कीं त्यांच्या हाताखालीं त्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० हरले. ज्यानें खेळ निर्माण केला त्याचाच जमाखर्च तोट्यांत! लांकूडतोड्या, धर्मशास्त्राचा विद्यार्थी, व्यायामशिक्षक, वैद्य. एका माणसानें इतक्या वाटा चालून पाहिल्या. आम्हीं तर बावीस वर्षांत बसण्याची खुर्चीहि बदलली नव्हती.

एके दिवशीं संघाचे शिक्षक एका नवशिक्या मुलीला ‘पिव्हट’ शिकवीत होते. चेंडू हातांत घेऊन थांबलेल्या खेळाडूला एक पाय जमिनीवरून हलवितां येत नाहीं. दुसरा पाय मात्र हव्या त्या दिशेस, हवा तितक्या वेळां टाकतां येतो. ती मुलगी घाबरून दोन्ही पाय उचली आणि शिटी वाजे. नाहींतर दोन्ही पाय रोवून उभी राही आणि समोरच्या मुली चेंडू काढून घेत. शेवटीं शिक्षक तिला म्हणाले, “एक पाय घट्ट ठेव. मग भिऊं नको, सगळीकडे तोंड फिरवून पाहा.”

शिक्षक बोलले तिला, पण तें आम्हांस लागलें. गेल्या सहा आठवड्यांत आम्ही दुसरें काय करीत होतों? आज पहारेकऱ्याच्या जागेसाठीं अर्ज, उद्यां विम्याच्या एजंटाकडे खेप, परवां पुण्याच्या कारखान्यांत कोणाची ओळख निघते का याची चौकशी. ही सारी दोन्ही पाय उचलून मारलेली उडी. आमचा जमिनीवरचा पाय कोणता, हा प्रश्न आम्हीं स्वतःला कधींच विचारला नव्हता. त्या रात्रीं विचारला, आणि उत्तर फार दूर नव्हतें. आम्हांस हिशेब लिहितां येतो. पैशापैशाचा मेळ बसेपर्यंत आम्हांस चैन पडत नाहीं. कारखान्याला कुलूप लागलें. आमच्या हातांतील विद्येला लागलें नव्हतें.

तरीहि घरीं सांगण्याचें धैर्य होईना. तें काम पुतणीनें सोपें केलें. एका संध्याकाळीं सराव आटोपल्यावर ती चेंडू घेऊन आमच्याजवळ येऊन बसली. “काका, माझ्या वर्गांतली एक मुलगी तुमच्या जिनिंगच्या शेजारीं राहते. ती म्हणते, फाटकाला दिवाळीपासून कुलूप आहे.”

आम्ही कांहींच बोललों नाहीं. ती रडली नाहीं, कीं तिनें उपदेशहि केला नाहीं. चेंडू दोनदां जमिनीवर आपटून ती म्हणाली, “काका, चेंडू हातांत धरून उभें राहिलें आणि समोरची अंगाशीं येऊन भिडली, तर आम्हांला पांचच सेकंद मिळतात. तेवढ्यांत तो कोणाला तरी द्यावा लागतो. तुम्ही तर दीड महिना धरून बसलांत.”

“मग काय करावें?” आम्हीं विचारलें.

“हांक मारायची. हांक मारली नाहीं तर बाकीच्यांना कळायचें कसें?”

शाळेंत असतांना शुभवर्तमानांतील एक दाखला आम्हीं ऐकला होता. एका चाकरानें धन्याचें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें, व पुढें त्याबद्दल त्याला बोल ऐकावा लागला. तो दाखला द्रव्याविषयींचा आहे असें आम्ही त्या वयांत समजत होतों. भीतीनें माणूस आपलें दुःखहि पुरून ठेवतो, आणि पुरलेल्या दुःखाला व्याज चढत जातें, हें त्या संध्याकाळीं एस. टी. च्या बांकावर बसून आम्ही शिकलों.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं सगळ्यांसमक्ष सांगितलें. थोरले बंधु हातचा घांस ताटांत ठेवून म्हणाले, “अबे, मंग सांगतलं काऊन नाही? घर काय तुह्या एकट्याच्या पगारावर चालते?” त्यांच्या रागांत जें होतें तें ओळखून आमचे डोळे भरून आले. पत्नी मात्र शांत होती. ती हळूच म्हणाली, “मला कळलें होतें. दीड महिन्यांत तुमच्या सदऱ्याला एकदाहि रुई चिकटून आली नाहीं.” बावीस वर्षें रोज ज्या हातांनीं आमच्या कपड्यांवरील रुई झटकली त्या हातांना आम्ही फसवूं पाहत होतों! तिनें विचारलें नाहीं, कारण आम्हीं स्वतः सांगावें अशी ती वाट पाहत होती.

हांक मारल्याबरोबर माणसें धांवलीं. बंधूंच्या ओळखीचे एक बी-बियाणें विकणारे दुकानदार होते. १ जुलै २०१७ पासून देशांत वस्तु व सेवा कर, ज्याला सर्व जण जी. एस. टी. म्हणतात, तो सुरू झाला होता, आणि त्याचीं विवरणपत्रें संगणकावर भरतांना लहान दुकानदारांची तारांबळ उडत होती. त्यांना हिशेब जाणणारा विश्वासू माणूस पाहिजे होता. आम्हांस हिशेब येत होता, संगणक येत नव्हता. म्हणजे एक पाय जमिनीवर होता, दुसरा उचलावयाचा होता. आम्हीं एम. एस.-सी. आय. टी. च्या वर्गांत नांव घातलें. अठरा-वीस वर्षांच्या मुलांमध्यें बसून कळफलकावर एकेक अक्षर शोधतांना पहिले चार दिवस कान तापत. पांचव्या दिवशीं शेजारच्या मुलाला जमा आणि नांवें यांतील भेद समजेना, तो आम्हीं समजावून दिला. त्यानें आम्हांस संगणक शिकविण्याचें पत्करलें. होळीपर्यंत आमच्याकडे चार दुकानांच्या वह्या आल्या. मिळकत जिनिंगच्या पगाराच्या निम्म्यानेंहि नव्हती. तरी तो डबा आतां आम्ही मान वर करून खात होतों.

या धडपडींत मैदान सुटलें नाहीं. शिक्षकांनीं आमची वही पाहून सरावाच्या सामन्यांचें गुणपत्रक लिहिण्याचें काम आमच्यावर सोंपविलें. गुण, फाउल, विश्रांतीच्या मागण्या, सर्व त्या त्या रकान्यांत. सामन्यांच्या दिवशीं आम्ही संघाबरोबर प्रेक्षक म्हणून गेलों. पहिला सामना जिंकला. दुसऱ्यांत शेवटच्या क्षणीं आमचा संघ दोन गुणांनीं मागें असतां पुतणीला दोन मुक्त फेकी मिळाल्या. पहिली कड्यांत पडली. दुसरी कड्यावर आपटून बाहेर आली, आणि एका गुणानें सामना गेला.

परततांना गाडींत ती एक शब्दहि बोलली नाहीं. आम्हींहि सांत्वन केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मात्र ती एकटीच मैदानावर आली व म्हणाली, “काका, मोजाल?” फळ्यापासून ४.६० मीटरवर आंखलेल्या रेषेवरून तिनें शंभर फेकी केल्या, ६१ साधल्या. आम्हीं तारीख घालून आंकडा लिहिला. महिन्याच्या अखेरीस तो ७४ झाला. गेलेला गुण त्यामुळें परत आला नाहीं. पण अपयश वहींत लिहून ठेवलें म्हणजे त्याचा बागुलबुवा राहत नाहीं. तो एक आंकडा होतो, आणि आंकडा वाढवितां येतो.

आतां पालकांसाठीं चार शब्द. आमचे बंधु मुलीला वारंवार विचारीत, “खेळून काय पोट भरते?” हा प्रश्न रास्त आहे, तो हंसून टाळूं नये. खेळाडूला नोकरी आपोआप मिळत नाहीं. तथापि खेळ हें शास्त्र आहे व त्याचें शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. ग्वाल्हेर येथील राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ सालीं निघाली, पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालीं. आणि इतक्या दूर तरी कशाला? आमच्या शेजारच्या अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेलें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला, व वृद्ध नेस्मिथ तो पाहावयास हजर होते. अंतिम सामना भर पावसांत, उघड्या मैदानावरच्या चिखलांत झाला आणि अमेरिकेनें कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा जय मिळविला. त्याच बर्लिनमध्यें त्याच उन्हाळ्यांत अमरावतीच्या या मंडळाच्या पथकानें आपल्या देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें जगापुढें करून दाखविलीं. वऱ्हाडच्या तालमींत घुमलेलीं मुलें तेथवर पोंचलीं, हें आपल्या मुलांना आपण सांगत नाहीं.

आमच्या पुतणीनें पुढें शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. कायमची जागा तिला अजून मिळालेली नाहीं. ती सध्यां एका शाळेंत तासिका तत्त्वावर शिकविते, अर्ज पाठविते, परीक्षा देते, आणि सुट्टीच्या दिवशीं गांवच्या मुलींना चेंडू आपटावयास शिकविते. आतां शोधण्याची पाळी तिची आहे. मध्यंतरीं ती चार-पांच दिवस अबोल दिसली. आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलों व म्हणालों, “पांच सेकंद केव्हांच झाले.” ती हंसली, आणि मग सगळें सांगत बसली. त्यानें जागा मिळाली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून तीन नवे अर्ज लिहिले.

बालमित्रांनो, तुमच्या वयांत ‘मोठेपणीं तूं कोण होणार?’ असें जो तो विचारतो, आणि एकदां उत्तर दिलें कीं तें जन्मभर पुरेल असें वाटतें. तें पुरतेंच असें नाहीं. कापूस जातो, सोयाबीन येतें. उद्यां तेंहि जाईल. तेव्हां जें शिकाल त्यांतील एक तरी गोष्ट इतकी पक्की शिका, कीं तिच्यावर पाय रोवून तुम्हांला सगळीकडे वळतां येईल. आणि कधीं चेंडू हातांत अडकलाच, तर तो छातीशीं कवटाळून बसूं नका. घरांत आईबाप आहेत, शाळेंत गुरुजन आहेत, मैदानावर सोबती आहेत, हांक मारा. आणि पालकहो, मुलांनीं हांक मारली तर प्रथम रागावूं नका. आमच्या बंधूंप्रमाणें रागावलांतच, तर त्यांच्याप्रमाणें लगेच उठून मदतीलाहि लागा.

सात वाजत आले. मैदानावर दिवे लागले असतील. आज आम्हांस दोन दुकानांचीं विवरणपत्रें भरावयाचीं आहेत, आणि त्यापूर्वीं नव्या संघाच्या मुक्त फेकी मोजावयाच्या आहेत. म्हणून वाचकांची रजा घेतों.